सुमार मुलीचा बाप

शनिवारी सकाळी सिंगापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये प्रबोध रामटेकेने गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली घरातली अर्धी चड्डी तशीच ठेवून लॅपटॉपसमोर येऊन बसला. व्हिडिओ कॉलवर कमरेखालचं काही दिसत नाही, हे ज्ञान त्याला करोनाच्या काळात झालं होतं आणि त्याचा तो पुरेपूर फायदा घेत असे. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको एकता आणि मधे त्यांची एकुलती एक मुलगी आर्या. वय सतरा, पाठ छडीसारखी ताठ. लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलीला पोक काढून बसा म्हटलं तरी बसता येत नाही.

"बाबा, प्लीज हं," आर्या म्हणाली. "नॉर्मल बोला."

"मी कधी अॅबनॉर्मल बोलतो?" प्रबोधने विचारलं. यावर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

कॉल अमेरिकेतून येणार होता. तिथल्या थंड मुलखातल्या एका लहानशा कॉलेजची कोच, हॅना तिचं नाव, आर्याच्या आईवडिलांना भेटू इच्छित होती. तिच्या संघात यंदा एकच जागा उरली होती, आणि आर्याला ती जागा हवी होती. एवढी हवी होती की गेला आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

तसं पाहिलं तर तिला दुसरीकडूनही बोलावणं होतं. अमेरिकेतल्याच दक्षिणेकडच्या एका भल्यामोठ्या विद्यापीठाने तिचे व्हिडिओ पाहून तिला आपणहून विचारलं होतं. त्यांचा संघ टीव्हीवर दिसतो, पोस्टरवर झळकतो. प्रबोधने ते कळल्याबरोबर ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला होता, कशाबद्दल ते मात्र सांगितलं नव्हतं. पण तिथल्या सल्लागार बाई गोड हसून म्हणाल्या, इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी, सरावही दुपारी, तेव्हा आमच्या मुली सहसा काहीतरी हलकं शिकतात. 'हलकं' हा शब्द ऐकून प्रबोधच्या कपाळावर आठी उभी राहिली. नागपूरच्या दोन खोल्यांत, बाबासाहेबांच्या फोटोखाली कंदील लावून शिकलेल्या माणसाचा तो नातू. त्या घरात कोणी कधी हलकं काही शिकलं नव्हतं. आणि आर्यालाही हलकं नको होतं. मागे तिचं मनगट दुखावलं तेव्हा डॉक्टरांनी दिलेला पट्टा तिला धड बसेना. पोरीने शाळेच्या कार्यशाळेत जाऊन तो कापला, तापवला, वाकवला आणि आपल्या हाताच्या मापाचा करून घेतला. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं: माणसांसाठी हात, पाय, पट्टे बनवायचे. ते शिकायचं आणि बारवरून उड्याही मारायच्या. दोन्ही.

सिंगापुरात राहून शिकायचं तर शिक्षण उत्तम, पण जिम्नॅस्टिक्स जवळजवळ संपल्यात जमा. दक्षिणेकडे गेलं तर उड्या भरपूर आणि शिक्षण हलकं. दोन्ही हातांत दोन्ही राहतील असं ठिकाण एकच निघालं, ते हे थंड मुलखातलं. ही हॅनाबाई पहिल्याच कॉलमध्ये आर्याला म्हणाली होती, "तुझी लॅब दुपारी असेल त्या दिवशी तू पहाटे सराव कर. दार उघडायला मी येईन." कोचने स्वतः पहाटे उठायची तयारी दाखवावी, यावरच आर्या भाळली होती. खरं सांगायचं तर प्रबोधही भाळला होता, पण तसं दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

स्क्रीन उजळली. कोच हॅना तिशी-पस्तिशीची, केस वर बांधलेले, चेहरा मोकळा. नमस्कार-चमत्कार झाले. सिंगापूरची हवा, तिकडचा बर्फ, एकताची संशोधनाची नोकरी, प्रबोधची जुरोंग आयलंडवरची रिफायनरी. मग ती हातांची बोटं एकमेकांत गुंफून पुढे झुकली आणि प्रबोधला म्हणाली, "आता तुमच्याकडून ऐकू दे. आर्या घरी कशी आहे? तिच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं?"

आता मराठी बापाला त्याच्या लेकराबद्दल चारचौघांत विचारलं की तो काय सांगतो, हे आपल्याला माहीत आहे. पण हॅनाबाईला ते कुठून माहीत असणार?

"ओह, नथिंग स्पेशल," प्रबोध हसत म्हणाला. "अगदी साधी मुलगी आहे. अभ्यासात ठीकठाक. सकाळी तर उठता उठत नाही. आणि बीमवरून पडते बरं का, खूप पडते. बघू या, किती दिवस टिकतं हे खूळ. तुम्हालाच सांभाळून घ्यावं लागेल तिला."

एवढं बोलून तो थांबला आणि वाट पाहू लागला. कशाची, ते त्यालाही त्या क्षणी सांगता आलं नसतं. पलीकडून काहीच आलं नाही. हॅनाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं आखडलं, तिने "आय सी" म्हटलं आणि खाली बघून काहीतरी लिहून घेतलं. मग तिने एकताला दोनचार प्रश्न विचारले, आभार मानले आणि कॉल संपला.

"छान बाई आहे," प्रबोध लॅपटॉप मिटत म्हणाला. "चांगलं झालं ना?"

आर्या उठून आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, अगदी हळू लावलं. एकता नवऱ्याकडे असं बघत होती की जणू त्याने कॉल चालू असताना उभं राहून आपली अर्धी चड्डी दाखवली होती.

मंगळवारी हॅनाबाईची मेल आली. प्रबोध संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी पोचला तेव्हा आर्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि एकता तिच्या केसांतून हात फिरवत होती. मेल सभ्य होती. आर्या आम्हाला आवडली आहे, पण आम्ही आणखी एका मुलीशी बोलत आहोत. इतक्या दूर येऊन अभ्यास आणि खेळ दोन्ही सांभाळायचे तर घरच्यांचा भक्कम पाठिंबा लागतो. तुझ्या घरच्यांना हे खरंच हवं आहे का, याचा तू शांतपणे विचार करावास. आणि बीमवर तू वारंवार पडतेस असं तुझ्या वडिलांकडून कळलं, ते व्हिडिओंत आम्हाला दिसलं नव्हतं.

प्रबोधने मेल दोनदा वाचली.

"अगं, पण ते तसं बोलायचं असतं," तो म्हणाला. "आपण नाही म्हणायचं, समोरच्याने हो म्हणायचं. तिने म्हणायला हवं होतं, छे छे, तुमची मुलगी किती गुणी आहे! मग आपण म्हणायचं, तुमचा मोठेपणा."

"शी इज अमेरिकन, बाबा! शी डोन्ट नो युवर गेम, लाह!" आर्याचा आवाज चिरकला, आणि चिडली की येणारं तिचं सिंगापुरी इंग्रजी बाहेर पडलं. आणि मग हळू आवाजात, थांबत थांबत, ती मराठीत म्हणाली, "आणि मलाही नाही माहीत. तुम्ही घरी पाहुणे आले की हेच सांगता. ते अंकल-आंटी नाही नाही म्हणतात, हसतात, समोसे खातात. मी आत ऐकते. मला कसं कळणार, की तुम्हाला खरंच तसं वाटतं की नाही? माझ्यासमोर तर दुसरं काही तुम्ही कधी बोललाच नाहीत."

प्रबोधच्या वडिलांनीही त्याला असंच वाढवलं होतं. तो इंजिनिअरिंगला लागला तेव्हा दारात पेढे घेऊन उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांना ते म्हणाले होते, "कसलं काय, लागला कसातरी." शेजारी म्हणाले, "असं कसं, पोरगं हिरा आहे." शेजाऱ्यांच्या तोंडून का होईना, त्याला ते ऐकायला मिळालं होतं आणि तेवढ्यावर त्याचं भागलं होतं. प्रेम असंच फिरून येतं, अशी त्याची समजूत होती. आता टेबलाशी बसलेली ही मुलगी बघून त्याच्या लक्षात आलं की सिंगापूरच्या नवव्या मजल्यावर तसे शेजारी नाहीत. तिच्यापर्यंत फक्त अर्धंच पोचत राहिलं होतं, आणि तेही नकोसं अर्धं.

जेवणं कशीबशी झाली. आर्या आत गेल्यावर एकता भांडी पुसता पुसता म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"ती सवय होती की मनातून तिला जाऊ द्यायचंच नव्हतं तुला?"

प्रबोध सिंकपाशी ताट हातात धरून उभा राहिला. त्याला ठासून नाही म्हणायचं होतं. पण लेक सरावाला जाताना चपला शोधत घरभर फिरते, बाथरूममध्ये मोठ्याने काहीतरी चिनी गाणी म्हणते, फ्रीजमधलं सगळं दही संपवते, आणि हे सगळं पुढच्या ऑगस्टपासून नसणार, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो बुकित तिमाहच्या बाजूला आर्याच्या जिममध्ये गेला. आर्या शाळेत होती. तिथल्या कोच लिम बाई साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र हॉलच्या छताला लागणारा. छोट्या छोट्या पोरींना त्या कोलांट्या शिकवत होत्या. प्रबोधने घडलेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हसायला सुरुवात केली आणि हसता हसता चटईवरच बसल्या.

"माझी आई पण सेम सेम, लाह," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. "पाहुणे आले की सांगायची, ही काळी, ही मठ्ठ, हिच्याशी कोण लग्न करणार. चांगलं बोललं तर म्हणे भुताला ऐकू जातं आणि भूत मूल उचलून नेतं. तुमच्याकडे पण भुतं आहेत ना?"

"आमच्याकडे नजर लागते," प्रबोध ओशाळून म्हणाला. आपण बुद्धिवादी घरातले, नजरबिजर मानत नाही, हे सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वागणूक बघता ते गिळणंच बरं होतं.

"ओके. मी त्या हॅनाला फोन करून सांगते, बाप वेडा नाही, फक्त एशियन आहे. पण मिस्टर रामटेके," कोच लिम उठल्या आणि त्यांचं हसू मावळलं, "मी सांगून अर्धं काम होईल. ती तुमच्या तोंडचं ऐकणार. आणि फक्त ती नाही. तुमच्या मुलीला मी इतकी वर्षं ओळखते. बीमवरून उतरली की ती आधी माझ्याकडे नाही बघत. वर बाल्कनीत बघते. तुम्ही तिथे फोन बघत असता."

प्रबोध फोन बघत नसे. लेक बीमवर चढली की त्याला तिकडे बघवतच नसे, म्हणून तो फोन समोर धरून बसायचा. रिफायनरीत उंचावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला दोरी बांधल्याशिवाय तो शिडीला हात लावू देत नसे, आणि इथे त्याची स्वतःची पोर चार बोटं रुंदीच्या फळीवर बिनदोरीची हवेत उलटी व्हायची. पण हे कोच लिमना सांगून काय उपयोग होता? ज्या मुलीला सांगायला हवं होतं ती शाळेत होती.

कोच लिमनी शब्द पाळला. शुक्रवारी हॅनाबाईचा निरोप आला, उद्या पुन्हा बोलू, सगळ्यांनी बसा.

गुरुवारी आणि शुक्रवारी कंपनीच्या बसमध्ये जाता-येता प्रबोध कौतुकाचा सराव करत होता. हसू नका, त्याला खरंच येत नव्हतं. मराठीत सुरुवात केली की जीभ अडखळे, आणि इंग्रजीत त्याला येणारं सगळं कौतुक हे कामगारांच्या वार्षिक मूल्यमापनातलं होतं. 'अपेक्षेपेक्षा उत्तम कामगिरी', 'सुरक्षेबाबत जागरूक', 'संघभावना चांगली'. शेजारी बसलेल्या तमिळ फोरमनने त्याला दोनदा विचारलं, सर, बरं वाटत नाही का?

शनिवार उजाडला. प्रबोधने पुन्हा दाढी केली, पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला, आणि या वेळी पूर्ण पँट घातली. एकताने ते पाहिलं आणि त्याची कॉलर सरळ केली. आर्या मधे येऊन बसली. वडिलांशी ती आठवडाभर कामापुरतंच बोलली होती.

हॅनाबाई स्क्रीनवर आली. "कोच लिमनी मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, तो खूप हसला. पण मिस्टर रामटेके, मला आज तुमच्याकडून ऐकायचं आहे."

"हो," प्रबोध म्हणाला. घसा खाकरला. "आर्या सातत्याने अपेक्षेपेक्षा उत्तम कामगिरी करते."

एकताने डोळे मिटून घेतले. हॅनाबाई वाट पाहत राहिली. प्रबोधने लॅपटॉपच्या वरच्या कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून दिलं आणि टेबलाकडे बघत बोलू लागला. इंग्रजी त्याचं घाईघाईचं होतं, व्याकरण सांडत होतं, पण तो थांबला नाही.

"मी म्हणालो ती पडते. पडते, कारण ती जे वळण शिकते आहे ते त्या जिममध्ये दुसरं कोणी करूनच बघत नाही. ती पडते आणि माझा श्वास परत यायच्या आत पुन्हा वर चढलेली असते. नेमकं तेवढंच सांगायचं मी सोडलं. तिचं मनगट दुखत होतं तेव्हा तिला सराव नव्हता, तरी ती रोज जायची. चटया उचलायची, लहान मुलींचे पाय धरून त्यांना उभं करायची. का जातेस म्हटलं तर म्हणाली, त्यांना कोणीतरी धरायला नको का? मेट्रोत उभ्या उभ्या फिजिक्स करते. एका हाताने दांडी, एका हातात पुस्तक. सकाळी उठत नाही म्हणालो, तर ती शनिवारी उठत नाही. बाकी दिवस माझ्या आधी उठते आणि मला झोपू देते, आवाज न करता डबा भरते. ती अभ्यास सोडणार नाही. खेळही सोडणार नाही. तुम्ही तिला एक सोड म्हणालात तर ती तुमच्याशी भांडेल. मी तिच्याइतकी चांगली मुलगी..." इथे त्याचं वाक्य अडलं. "मी तिचा बाप आहे, याचा मला फार अभिमान आहे. आणि खरं सांगू? मला ती जायला नको आहे. म्हणून कदाचित माझ्या तोंडून तसलं निघालं असेल. पण तुम्ही तिला घ्या. प्लीज. तिच्यासाठी तुमच्यासारखं दुसरं ठिकाण नाही."

एकता रडत होती आणि ते लपवायच्या भानगडीत पडली नव्हती. हॅनाबाईने या वेळी खाली बघून काही लिहून घेतलं नाही. तिचेही डोळे भरले होते.

"थँक यू," ती म्हणाली. "आर्या, त्या दुसऱ्या मुलीपेक्षा मला तूच हवी होतीस, पहिल्यापासून. मला फक्त तुला घरातून एकटीने झगडत यावं लागू नये एवढं बघायचं होतं. जागा तुझी आहे. घाई नाही, सोमवारपर्यंत विचार करून सांग."

आर्या आपल्या वडिलांकडे वळली. तिचं नाक लाल झालं होतं. स्क्रीनवर परकी बाई बघते आहे याचं तिला भान नव्हतं, की असूनही पर्वा नव्हती, कोण जाणे.

"बाबा, तुम्हाला खरंच मी जायला नकोय?"

"नकोय," प्रबोध म्हणाला.

"मग मी..."

"अगं, जा. मला नकोय आणि तू जा. दोन्ही खरं आहे. तू नाही का, दोन्ही दोन्ही म्हणत आमच्या मागे लागली होतीस? मग मलाही दोन्ही वाटू दे की."

आर्या हसली आणि त्याच वेळी तिचे डोळे वाहू लागले. मनगटाने नाक पुसून ती स्क्रीनकडे वळली. "कोच, सोमवार नको," ती म्हणाली. "येस. मी येते."

टेबलाखाली तिने वडिलांचा हात घट्ट धरला. त्या तळहाताला बारने घट्टे पडले होते, ठिकठिकाणी कातडी सोललेली होती. ती लहान असताना रस्ता ओलांडायला तो हा हात धरायचा तेव्हा हात मऊ होता. मधल्या वर्षांत तो असा कधी झाला, हे त्याला कळलंच नव्हतं. हॅनाबाई पुढचं सगळं सांगत होती, व्हिसा, वसतिगृह, जाड कोट किती लागतील, तिथली थंडी सिंगापूरच्या मुलीला कशी सोसेल. प्रबोध मान डोलावून हो हो म्हणत होता. कॉल संपला, एकता चहा टाकायला उठली, आर्याने दुसऱ्या हाताने लॅपटॉप मिटला, तरी त्याने तो हात सोडला नव्हता.